कुत्रा ओढतो, कारण ओढल्यावर आपण चालतो

कुत्रा हा विषय हल्ली पेपरच्या पहिल्या पानावर यायला लागलाय. ११ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातली भटकी कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवायला सांगितलं. २२ ऑगस्टला तो आदेश बदलला: नसबंदी आणि लसीकरण करून कुत्रं जिथून उचललं तिथंच सोडायचं, रेबीज झालेलं किंवा आक्रमक असेल तर सोडायचं नाही. नोव्हेंबरमध्ये शाळा, दवाखाने, बसस्थानकं, रेल्वे स्थानकं यांच्या आवारातून कुत्री हटवण्याचा आदेश आला. त्याच्या आधी, मार्च २०२४ मध्ये, केंद्राने तेवीस जातींच्या कुत्र्यांवर बंदी आणायला राज्यांना कळवलं होतं; ते परिपत्रक आपल्या कर्नाटक उच्च न्यायालयाने पुढच्याच महिन्यात रद्द केलं. एवढं सगळं कानावर पडल्यावर गल्लीतून पाळीव कुत्रा घेऊन जाणाऱ्याकडेही लोक रोखून बघतात, यात नवल नाही.

टिळकवाडी, शहापूर, वडगाव, अनगोळ, बेळगावात कुठंही सकाळी सहाच्या सुमाराला बाहेर पडा. पुढं जीभ बाहेर काढून घशातून खर्र खर्र आवाज करत निघालेला कुत्रा, मागं हात ताणलेला मालक, आणि दूध आणायला निघालेली एखादी म्हातारी भिंतीला चिकटून उभी. मालक लांबूनच सांगतो, "काय करत नाही ते!" खरंच काही करत नसेल. पण त्या आजीला ते कळणार कसं? तिला दिसतो तो मालकाला न आवरणारा तीस किलोचा जीव.

भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ याच निष्काळजीपणाबद्दल आहे. आपल्या ताब्यातल्या जनावरापासून माणसाला धोका होऊ नये एवढी काळजी न घेणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. मला मात्र कायद्यापेक्षा कुत्र्याची जास्त काळजी वाटते. ओढणाऱ्या कुत्र्याला फिरवायचा घरच्यांना कंटाळा येतो, मग फिरणं कमी होतं, साठलेला जोर वाढतो, आणि पुढच्या वेळी तो आणखी ओढतो. शेवटी तो दारातल्या साखळीला बांधलेला राहतो, कायमचा. हे चक्र तोडता येतं, आणि त्यासाठी ताकद लागत नाही.

मुळात ओढतो का?

"त्याला वाटतं तोच म्होरक्या, म्हणून पुढं पळतो," असं बरेच जण छातीठोकपणे सांगतात. ही कल्पना आली लांडग्यांवरून, आणि तेही प्राणिसंग्रहालयात एकत्र कोंडलेल्या लांडग्यांवरून. रानातला कळप म्हणजे बहुतेक वेळा आईबाप आणि त्यांची पिल्लं असतात, म्होरकेपणासाठी तिथं रोज मारामाऱ्या होत नाहीत, हे पुढं डेव्हिड मेक यांच्यासारख्या लांडग्यांच्या अभ्यासकांनी दाखवून दिलं. तुमचा लॅब्रॉडोर तुमची गादी बळकवायला निघालेला नाही.

खरी कारणं साधी आहेत. कुत्र्याची सहज चाल आपल्या चालीपेक्षा वेगवान असते. आपण तासाला चार-पाच किलोमीटर चालतो, त्याला ते रांगल्यासारखं वाटतं. त्याचं नाक माणसापेक्षा कितीतरी पटींनी तीक्ष्ण, आणि गल्लीत दर चार पावलांवर काहीतरी हुंगण्यासारखं असतं. शिवाय अंगावर एका बाजूने ताण आला की तोल सावरायला प्राणी उलट दिशेला जोर लावतो. तुम्ही मागं खेचलं की तो पुढं रेटतो.

पण ओढण्याची पक्की सवय जडते ती चौथ्या कारणाने. १८९८ मध्ये एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने मांजरांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. खिट्टी लावलेल्या पेटीत मांजर, बाहेर खाणं. धडपडीत कधीतरी पाय खिट्टीवर पडायचा आणि दार उघडायचं. पुन्हा पुन्हा कोंडल्यावर बाहेर पडायला लागणारा वेळ कमी होत गेला. ज्या कृतीनंतर हवं ते मिळतं ती कृती वाढते. याला मानसशास्त्रात प्रबलन म्हणतात. या लेखापुरता एवढाच एक जड शब्द.

आता हे आपल्या गल्लीत आणा. कुत्र्याला विजेचा खांब गाठायचाय. तो ओढतो, तुम्ही त्याच्यामागे चार पावलं जाता, खांब येतो. ओढणं यशस्वी झालं. रोज अशी शेकडो पावलं पडतात, म्हणजे आपण रोज त्याला ओढण्याचा धडा देतो आणि बक्षीसही देतो. तोंडाने "नको, नको" म्हणत असलो तरी पाय "हो" म्हणतात, आणि कुत्रा पायांचं ऐकतो.

"मी कधीकधी थांबतो की!"

हे 'कधीकधी'च सगळ्यात घातक. बी. एफ. स्किनर यांनी उंदीर आणि कबुतरांवर केलेल्या कामातून एक गोष्ट स्पष्ट झाली: दर वेळी मिळणारं बक्षीस बंद झालं तर सवय लवकर सुटते, पण अधूनमधून, बेभरवशाने मिळणारं बक्षीस सवयीला फार चिवट करतं. आपल्या भागात मटक्याने घरं कशी धुऊन नेली हे सगळ्यांनी बघितलंय. रोज लागत नाही, आज लागेल या आशेवर माणूस आकडा लावतच राहतो. सोमवारी थांबणारा आणि मंगळवारी घाईत ओढवून घेणारा मालक कुत्र्याला तीच आशा लावतो.

म्हणून शिकवण्याच्या काळात नियम एकच, आणि घरातल्या प्रत्येकासाठी तोच: दोरी सैल तर पुढं, दोरी ताणली तर पाऊल नाही. बाबा थांबतात, आई थांबते, पण संध्याकाळी मुलगा मोबाइलवर बोलत कुत्र्यामागे धावतो, अशा घरात काहीच शिकून होत नाही.

शिकवायचं काय नेमकं?

पोलीस श्वानपथकातला कुत्रा संचलनात मांडीला चिकटून, मान वर करून, हाताळणाऱ्याच्या तोंडाकडे बघत चालतो. ते कष्टाचं, एकाग्रतेचं काम आहे, थोडाच वेळ करण्याचं. रोजच्या फेरीसाठी आपल्याला ते नकोय. कुत्रा डावीकडे असो, उजवीकडे असो, पाऊलभर पुढं असो, नाक जमिनीला असो. दोन्ही टोकांमधली दोरी खाली झोळ देऊन लोंबत असली की झालं. ही अपेक्षा माफक आहे, म्हणूनच जमते.

आधी सामान

दीड ते दोन मीटरची साधी कापडी किंवा नायलॉनची दोरी घ्या, दुकानात लीश म्हणून मिळते. लोखंडी साखळी हाताला काचते आणि तिच्या वजनामुळे सैल-ताण कळत नाही. चाकासारख्या डबीतून आपोआप लांब होणारी दोरी शिकवताना अजिबात नको: ती आतल्या स्प्रिंगमुळे सतत थोडी ताणलेलीच असते, आणि ओढलं की आणखी सुटते. म्हणजे ओढण्याचं बक्षीस यंत्रातच बसवलेलं.

गळपट्ट्यावर जोर पडला की श्वासनळी दाबली जाते, ती खरखर त्याचीच. कुत्रा गळपट्ट्यावर ओढत असताना डोळ्यांतला दाब वाढतो आणि छातीच्या पट्ट्यावर तसा वाढत नाही, हे २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं. छातीचा पट्टा, म्हणजे हार्नेस, घेणार असाल तर दोरी अडकवायची कडी छातीवर पुढं असलेला बघा. कडी पाठीवर असेल तर कुत्र्याला सगळ्या अंगाने सुखाने ओढता येतं. बर्फावर घसरगाडी ओढणाऱ्या कुत्र्यांचा साज तसाच असतो. कडी पुढं असली की ओढताना त्याचं अंग आपल्याकडे वळतं आणि जोर लागत नाही. तरी हार्नेस शिकवत नाही, तो फक्त शिकवेपर्यंतचा वेळ काढून देतो.

सोप्यातून परसात, परसातून गल्लीत

सुरुवात घरात, सोप्यातच, आणि दोरीशिवाय. खिशात हरभऱ्याएवढे तुकडे: उकडलेलं चिकन, अंडं, शाकाहारी घरात पनीर किंवा उकडलेलं रताळं. द्राक्षं, मनुका, कांदा आणि चॉकलेट कुत्र्याला विषारी. कुंद्यासारखं गोडही नको. कुत्रा तुमच्या डाव्या पायाजवळ आला की "हां!" म्हणा आणि तुकडा द्या, पण देताना हात पँटच्या शिवणीला लावून द्या. खाऊ जिथं मिळतो तिथं कुत्रा राहायला लागतो. तुम्ही समोर हात धरून दिलात तर तो चालताना समोर आडवा येईल, मग अडखळून पडाल तुम्ही. आता दोन पावलं चाला, तो सोबत आला, "हां!", तुकडा. मग तीन पावलं. मग पाच. "हां!" हा शब्द त्याच क्षणी पडला पाहिजे, कारण दोन-तीन सेकंदांनी दिलेला खाऊ त्याच्या लेखी भलत्याच गोष्टीसाठी असतो, कदाचित मान वळवून मांजराकडे बघितल्याबद्दल. पाच ते दहा मिनिटं पुरे. तो कंटाळायच्या आधी थांबा.

हे जमलं की दोरी लावून परसात किंवा गच्चीवर. दोरीचा हात कमरेजवळ स्थिर ठेवा. दोरी ताणली की तुम्ही थांबायचं. झटका नाही, ओरडणं नाही, काहीच नाही. कुत्रा पुढं रेटेल, इकडंतिकडं बघेल, कधीतरी मागं वळून "काय झालं?" म्हणून बघेल किंवा अर्धं पाऊल मागं येईल. दोरी झोळ धरेल. त्या क्षणी "हां!" आणि लगेच पुढं चाला. पुढं चालणं हेच बक्षीस, खाऊ वर.

इथं एक घाट लागतो आणि बहुतेक जण तिथंच परततात. इतके दिवस चालत आलेली युक्ती अचानक चालेनाशी झाली की कुत्रा ती लगेच सोडत नाही, उलट दुप्पट जोराने करून बघतो. शिकवायला लागल्यावर दोन-चार दिवस ओढणं वाढल्यासारखं वाटतं, भुंकणंही होतं. "याचा काही उपयोग नाही" म्हणून याच वेळी हात सैल सोडला, तर कुत्रा शिकतो की जास्त जोराने ओढलं की काम होतं. हा टप्पा निभावून नेला तर पुढचं सोपं जातं.

नुसतं थांबून काही कुत्र्यांना पत्ताच लागत नाही, ते ताणलेल्या दोरीवर तसेच उभे राहतात. त्यांच्यासाठी वळणं. दोरी ताणायच्या आधीच, तो पुढं सटकतोय असं दिसताच, नावाने हाक मारून उलट दिशेला चालायला लागा. तो धावत तुमच्या बाजूला आला की खाऊ. दिशा कधी बदलेल सांगता येत नाही म्हटल्यावर तो तुमच्यावर नजर ठेवायला लागतो.

मग गल्ली. पहिल्या दिवशी दारापासून पुढच्या वळणापर्यंतही पोचणार नाही. चालेल. आज पोचायचं नाहीये, शिकायचंय. सुरुवातीला खडेबाजार किंवा गणपत गल्लीच्या गर्दीत नेऊ नका, आणि टिळकवाडीतल्या व्हॅक्सिन डेपोवर सकाळी फिरणाऱ्यांची गर्दी असते तेव्हाही नको. मोकळा, शांत रस्ता निवडा. अंतर मोजायची एक साधी खूण आहे: शेळी, मांजर, सायकल काहीही समोर असताना कुत्रा तुमच्या हातातला आवडता खाऊ घेतोय का? घेत असेल तर तेवढं अंतर ठीक. तोंड फिरवत असेल तर आपण फार जवळ आलोय. मागं सरका, त्याचं डोकं ठिकाणावर येऊ द्या. उत्तेजित झालेल्या जनावराला काही शिकवता येत नाही.

हुंगणं मात्र बंद करू नका. कुत्र्याला फिरायला नेऊन हुंगू न देणं हा त्याच्यावर अन्याय आहे, असं मला मनापासून वाटतं. उलट त्याचाच वापर करा: दहा पावलं सैल दोरीने चालला की "जा, हुंग" म्हणून त्याला त्याच्या आवडत्या खांबापाशी न्या. जो खांब तो ओढून मिळवत होता तोच आता नीट चालून मिळतो. कित्येक कुत्र्यांना हे चिकनपेक्षा जास्त आवडतं.

आणि घाईच्या दिवशी? पोरांची शाळा, ऑफिसची वेळ, थांबायला सवड नाही. त्या दिवशी नेहमीचा पट्टा लावूच नका. परसात चेंडू खेळा, किंवा पाठीवरच्या कडीचा वेगळा हार्नेस लावून न्या. साज वेगळा, नियम वेगळा, हा फरक कुत्र्याला काही दिवसांत कळतो. शिकवणीचा पट्टा घातलाय आणि ओढू दिलं, असं मात्र होता कामा नये.

एप्रिल-मे महिन्यात हे सगळं सूर्य वर यायच्या आत. डांबरावर हाताची मागची बाजू सात सेकंद टेकवून बघा. तुम्हाला सोसत नसेल तर त्याच्या तळव्यांनाही सोसणार नाही.

घरी मुधोळ असेल तर

आपल्या भागात याचा वेगळा विचार करावाच लागतो. शेजारच्या बागलकोट जिल्ह्यातलं मुधोळ, घोरपडे घराण्याचं संस्थान. तिथल्या राजांनी जपलेलं हे शिकारी कुत्रं, महाराष्ट्रात कारवान म्हणून ओळखलं जाणारं. २००५ मध्ये त्याच्यावर टपाल तिकीट निघालं, लष्करानेही त्याची पिल्लं प्रशिक्षणाला नेली. तेव्हापासून शहरातल्या फ्लॅटमध्येही मुधोळ दिसायला लागलाय.

हे कुत्रं नाकापेक्षा डोळ्यांनी शिकार करतं. लांबवर काही हललं की ते सुटतं, आणि सुटल्यावर हाक ऐकू येत नाही. खोड म्हणून त्याच्यावर रागावू नका. पिढ्यान्‌पिढ्या त्यासाठीच ते निवडलं गेलंय. त्याला फिरवताना आपली नजर त्याच्या आधी मांजरावर पडली पाहिजे. त्याने मान ताठ करून कान उभारले, की तोच क्षण हाक मारून वळायचा. धाव घेतल्यावर उशीर झालेला असतो. दुसरं म्हणजे त्याचं डोकं मानेच्या मानाने अरुंद, त्यामुळे साधा गळपट्टा मागं सरकून चटकन निघतो. ओढल्यावर ठराविक मापापर्यंतच आवळणारा रुंद कापडी पट्टा मिळतो, तो घ्या. आणि आठवड्यातून काही वेळा कुंपण असलेल्या जागेत त्याला मनसोक्त पळू द्या. पळायला न मिळालेल्या मुधोळकडून सैल दोरीची अपेक्षा करणं चुकीचं आहे.

"खाऊ दिला तर खाऊशिवाय ऐकणारच नाही"

खाऊ आधी दाखवून काम करून घेतलं तर असंच होतं. तुकडा खिशात ठेवायचा, काम झाल्यावर काढायचा, यात मोठा फरक आहे. पहिल्यांदा दर दोन पावलांना, मग दहा, मग विजेच्या एका खांबापासून दुसऱ्यापर्यंत, मग कधी इथं, कधी तिथं. आठवतंय ना, बेभरवशाचं बक्षीस सवय चिवट करतं? ज्या नियमाने ओढणं पक्कं झालं होतं तोच आता आपल्या बाजूने लावायचा. पुढं खाऊची जागा शाबासकी, हुंगणं आणि चालणंच घेतं. दिवसाच्या जेवणातून तेवढा भाग मात्र कमी करा.

"बैलाला वेसण लागते, मग कुत्र्याला चोक चेन का नको?"

खानापूर, चिकोडी, हुक्केरीकडच्या शेतकऱ्यांनी हा प्रश्न विचारला तर तो योग्यच आहे. पण जाणता शेतकरी खोंडाला औताला कसा शिकवतो ते बघा: शेजारी मुरलेला बैल, थोडा थोडा वेळ काम, तोंडाने बोलणं, आणि सरळ चालत असेल तर कासरा सैल. वेसण सतत खेचत राहणाऱ्याचा बैल बिथरतो, हे कुठलाही शेतकरी सांगेल.

चोक चेन, म्हणजे ओढलं की गळ्याभोवती आवळणारी साखळी, किंवा आतून काटे असलेला पट्टा दुखवून ओढणं थांबवतो, आणि ते थांबतंही, हे मान्य. अडचण अशी की दुखतं तेव्हा कुत्र्याच्या समोर काहीतरी असतं: एखादं लहान मूल, दुसरा कुत्रा, सायकलवाला. मूल दिसलं की मान दुखते, असं गणित त्याच्या डोक्यात बसू शकतं. ओढणारा कुत्रा मग मुलांवर गुरगुरणारा होतो आणि घरच्यांना कारण सापडत नाही. पशूंच्या वर्तनाचा अभ्यास करणाऱ्या पशुवैद्यांच्या अमेरिकन संघटनेनेही बक्षिसाच्याच पद्धती वापरा, वेदना आणि भीती टाळा, असं स्पष्ट म्हटलंय.

गल्लीतल्या कुत्र्यांचं काय?

परदेशी व्हिडिओत याचं उत्तर नसतं, कारण तिथं हा प्रश्नच फारसा नसतो. आपल्याकडे प्रत्येक गल्लीची कुत्री ठरलेली, आणि पट्ट्यातला अनोळखी कुत्रा हद्दीत आला की ती अंगावर येणारच.

आधी एकट्याने रस्ता फिरून बघा, कुठं किती कुत्री बसतात ते कळतं. त्यांना खायला घालणारी माणसं असतात, त्यांच्याशी ओळख करून घ्या. ती सोबत असताना दोन-चार वेळा लांबून गेलात तर कुत्र्यांना तुमच्या कुत्र्याची सवय होते. समोर आलीच तर पळू नका, डोळ्याला डोळा लावू नका, सरळ अंगावर न जाता वळसा घाला आणि आपल्या कुत्र्याला आपल्या पलीकडच्या बाजूला घ्या. मूठभर बिस्किटं त्यांच्या बाजूला लांब विखरून टाकली की नाकं जमिनीला लागतात आणि तेवढ्यात निघता येतं. या वेळी दोरी ताणली तर ताणू द्या. सुरक्षित बाहेर पडायचं, शिकवणी उद्या. कुत्र्याची रेबीजची लस वेळेवर झालेली हवी, आणि माणसाला चावा बसला तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुऊन लगेच दवाखाना.

गणपती विसर्जनाच्या मिरवणुका आणि दिवाळीचे फटाके असताना शिकवणीला सुट्टी द्या. उसाच्या हंगामात निपाणी-चिकोडीकडच्या रस्त्यांवर ट्रॅक्टर-ट्रॉलींची रांग लागते. तेव्हा कुत्रा नेहमी शेताच्या बाजूला, आपण रस्त्याच्या बाजूला.

घरात मराठी, बाहेर कन्नड, मुलं इंग्रजीत

कुठलाही शब्द चालतो, "चल" असो, "बा" असो की "कम". कुत्र्याला फक्त आवाज कळतो. पण एका कामाला एकच आवाज हवा, आणि तो सकाळी फिरवायला येणाऱ्या माणसालाही सांगून ठेवा.

मोठा झालाय, आता शिकेल का?

शिकतो. पिल्लाला दोन-तीन महिन्यांपासून घरात सुरुवात करता येते आणि त्याची जुनी सवय मोडायची नसते, एवढाच फायदा. पाच-सात वर्षांच्या कुत्र्याने हजारो वेळा ओढून बक्षीस मिळवलेलं असतं, म्हणून त्याला जास्त आठवडे द्यावे लागतात. नवीन रस्त्यावर नेलंत तर काम लवकर होतं, कारण जुन्या रस्त्यावरचा प्रत्येक खांब त्याला जुनी सवय आठवून देतो.

पण चांगला चालणारा मोठा कुत्रा अचानक ओढायला, मध्येच बसायला किंवा पट्टा बघून मागं सरायला लागला, तर शिकवणी बाजूला ठेवून आधी पशुवैद्याकडे न्या. सांधे, मान, कान यांचं दुखणं असं दिसतं. आपल्याकडच्या पावसाळ्यात गोचिडीही वाढतात आणि त्यांच्यामुळे येणाऱ्या तापात कुत्रा गळून जातो. बोटांच्या बेचक्यात आणि कानांच्या आत नीट बघा.